हरवलेल्या पक्ष्यासाठी एअरटॅग: घ्यावा का?

पाळलेला पक्षी उडाला तर सापडावा म्हणून एअरटॅग (वस्तू शोधायचा ॲपलचा छोटा बिल्ला) घेणार असाल, तर आधी वजनकाटा काढा. टॅग सुमारे ११ ग्रॅमचा. बजी हा छोटा पोपट भरतो ३०-४० ग्रॅम, कॉकटील हा तुरेवाला पोपट ८०-१००. अंगावरचा भार वजनाच्या ३ टक्क्यांत हवा, म्हणजे कॉकटीलला जेमतेम ३ ग्रॅम. तेवढा तर आतला सीआर२०३२ हा बटणासारखा सेलच भरतो! आफ्रिकन ग्रे या मोठ्या राखाडी पोपटाला वजन झेपेल, पण त्या चोचीपुढे टॅगचं झाकण टिकणं कठीण आणि गिळलेला सेल जीवघेणा. शिवाय यात जीपीएस नाही. ब्लूटूथच्या टप्प्यात कुणाचा आयफोन किंवा ॲपलचं दुसरं उपकरण आलं तरच ठिकाण कळतं.

त्यापेक्षा बरा ब्लूटूथ स्पीकर घ्या. पक्षी घरात असतानाच त्याची साद रेकॉर्ड करून ठेवा. दुसऱ्याच पक्ष्याचा आयता आवाज तितका उपयोगी नाही. उजाडताना आणि मावळतीआधी तासभर, गच्चीवरून अर्धा मिनिट वाजवा, मग दोन-तीन मिनिटं पूर्ण बंद. इथेच बहुतेकांचं चुकतं: स्पीकर सतत चालू, त्यात पक्ष्याचं उत्तर बुडून जातं. शेजारी नेहमीचा पिंजरा, दार उघडं, आत राळ्याचं कणीस. पायातल्या रिंगचा नंबर लिहून ठेवा. शोधायला त्याचा उपयोग शून्य, पण सापडलेला पक्षी तुमचाच हे पटवायला लागतो.