पायथनची मॉड्यूल्स : सोसायटीच्या हिशेबातले आठ महिने

मुलुंडच्या आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीत खजिनदार व्हायला कोणी तयार नव्हतं, म्हणून माझी वर्णी लागली. कोडिंगशी संबंध शून्य. एक्सेलला वैतागलो होतो, तेव्हा भाचीने लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा टाकून दिली.

सुरुवातीला सगळं एकाच फाइलमध्ये होतं. मग थकबाकीच्या नोटिसांसाठी दुसरी फाइल केली आणि व्याजाचं गणित तिकडे सरळ कॉपी-पेस्ट केलं. सभेत व्याज १८ वरून १२ टक्क्यांवर आलं. मी बिलात बदललं, नोटिशीत विसरलो. तिसऱ्या मजल्यावरचे काका दोन्ही कागद घेऊन दारात उभे! त्याच रात्री व्याजाचं फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेला कोडचा तुकडा, उचलून वेगळ्या फाइलमध्ये टाकलं आणि दोन्हीकडे वर ते मागवणारी ‘इम्पोर्ट’ची एकेक ओळ लिहिली. मॉड्यूल म्हणजे एवढंच, डॉट पाय लावलेली साधी फाइल. मी उगाच दोन महिने त्या शब्दाला बिचकत होतो.

फाइलीचं नाव मराठीत, ‘व्याज’, ठेवलं तरी चालतं. पायथन ३ ला देवनागरी नावं चालतात. पण डेफ, रिटर्न असे भाषेचे स्वतःचे शब्द इंग्रजीतच, त्यामुळे दर ओळीला कीबोर्ड बदलावा लागतो. मी आठवड्याभरात कंटाळून रोमनवर आलो. एक गंमत मात्र राहिली. तळमजल्यावरच्या काकू भरणा मराठी आकड्यांत टाइप करतात आणि मजकुराचा आकडा करणारं पायथनचं ‘इंट’ ते ‘२५००’ बिनतक्रार वाचतं.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका नावाने. सभा, सुट्ट्या, टाकी धुण्याचे दिवस यांची यादी केली आणि फाइलला नाव दिलं कॅलेंडर. दुसऱ्या दिवशी बिलातल्या तारखा वाचणं बंद. एरर काय, तर कॅलेंडरमध्ये ‘डे_ॲब्र’ नाही. मी तो शब्द कुठेच लिहिलेला नव्हता! दोन रात्री गेल्यावर कळलं, की तारीख वाचताना डेटटाइम हे पायथनचं तारखांचं मॉड्यूल आतून पायथनचं स्वतःचं कॅलेंडर मॉड्यूल मागवतं, आणि शोध आधी माझ्याच फोल्डरमध्ये होतो. म्हणजे माझी टाकी धुण्याची यादी त्याच्या हाती लागली. २०२४ च्या पायथन ३.१३ पासून अशा वेळी एररच सुचवते, की फाइलचं नाव बदलून बघा. माझ्याकडे जुनं व्हर्जन होतं.

दुसरा फटका : बिलाच्या फाइलमधलं एक छोटं फंक्शन हवं होतं म्हणून ती इम्पोर्ट केली, तर ४८ बिलं नव्याने तयार झाली, आजची तारीख टाकून. इम्पोर्ट म्हणजे अख्खी फाइल वरपासून खालपर्यंत चालते. आता बिलं काढणाऱ्या ओळी ‘इफ नेम इक्वल्स मेन’ या अटीखाली आहेत, अंडरस्कोअरसकट. दिसायला ओंगळ, पण फाइल थेट चालवली तरच त्या ओळी चालतात.

बाहेरचं पॅकेज एकच घेतलं, पीडीएफसाठी. पिप या पायथनच्या पॅकेज उतरवणाऱ्या साधनाने ते मिनिटात आलं.

गेल्या आठवड्यात बिलाला नोटिशीतलं काहीतरी हवं होतं आणि नोटिशीला बिलातलं. दोघं एकमेकांना इम्पोर्ट करायला गेले आणि मॉड्यूल अर्धवटच लोड झाल्याची एरर आली. सामायिक फंक्शनं तिसऱ्या फाइलमध्ये हलवली. सगळी तारखांचीच होती, तेव्हा कॅलेंडर हेच नाव पुन्हा बोटांवर आलं होतं. ‘सोसायटी_तारखा’ ठेवलं.