'ग्रो-कालँ': आठ महिने उशाशी असलेली कादंबरी

पॅरिसला नोकरीसाठी आले तेव्हा एका मैत्रिणीने हे पुस्तक दिलं, फ्रेंच सुधारेल म्हणाली. आठ महिने झाले, दोनदा वाचलं, अजून उशाशीच असतं, म्हणून लिहितेय.

कुझँ नावाचा एकटा माणूस, ऑफिसात आकडेमोडीचं काम, आणि पॅरिसमधल्या दोन खोल्यांत त्याने पाळलाय अजगर, 2 मीटर 20 सेंटिमीटरचा! का, तर अजगर अंगाला वेढा घालतो आणि तेवढीच मिठी त्याला मिळते. ग्रो-कालँ म्हणजे घट्ट मिठी, तेच अजगराचं नाव. आता त्याला खायला जिवंत उंदीर लागतो, हा एक उंदरीण आणतो पण, तळहातावर घेतो, तिचं नाव ब्लाँदीन ठेवतो आणि मग तिला अजगरापुढे टाकणं काही जमत नाही. खूप हसले इथे, आणि पुढच्या पानावर गळा दाटून आला.

भाषा मात्र सोपी नाही हां. पहिली चाळीस पानं डिक्शनरी घेऊन बसले तरी डोक्यावरून जात होती, नंतर कळलं की वाक्यं मुद्दामच अजगरासारखी वळसे घेत स्वतःत गुंततात. पॅरिसच्या लोकसंख्येबद्दल तो 'युझाजे' म्हणतो, एक अक्षर बदललं की वापरणारे लोक होतात वापरून झालेले लोक. रोज मेट्रोत हा शब्द आठवतो मला.

ऑफिसातल्या द्रेफ्यूसबाईंसोबत लिफ्टमधून जाणं हाच त्याचा संसार, तेवढ्यावर तो लग्नापर्यंत पोचतो मनातल्या मनात. आमच्या बिल्डिंगमध्येही लिफ्टमध्ये फक्त बाँझूर (फ्रेंच नमस्कार), मग सगळे दाराकडे बघत उभे, त्यामुळे ही पानं फार लागली. द्रेफ्यूसबाई फ्रेंच गयानाच्या, त्यांच्या रंगावरून जे शब्द येतात ते आज वाचवत नाहीत. आणि मधे शंभरेक पानं तेच तेच वाटतं, पहिल्या वेळी तिथेच सोडणार होते.

1974 साली एमिल आजार नावाने आली ही, खरा लेखक रोमँ गारी, साठीला आलेला, 1956 चं गाँकूर (फ्रान्सचं मोठं साहित्य पारितोषिक) मिळालेला, तरी नाव लपवून नव्याने लिहायला बसला आणि 1975 ला आजार म्हणून पुढच्या कादंबरीला परत गाँकूर! खरं काय ते जगाला कळलं तो 1980 मध्ये गेल्यानंतर. हे समजल्यावर दुसऱ्यांदा वाचताना कुझँच्या मागे तोच दिसत राहिला.

प्रकाशकाने तेव्हा काढायला लावलेला मूळ शेवट 2007 च्या आवृत्तीत आहे. माझी प्रत जुनी, त्यात नाही, नवी मागवलीय.