टॅरोवर ‘हो की नाही’ विचारायचे 51 रुपये

भिशीच्या ग्रुपवर कुणीतरी टॅरोची, म्हणजे चित्रांच्या पत्त्यांवरून भविष्य सांगण्याची, जाहिरात टाकली होती: ‘एक प्रश्न, एक कार्ड, हो की नाही. फक्त 51 रुपये.’ त्या सुमारास सासूबाईंचा चिंचवडचा जुना फ्लॅट विकायला काढला होता. गिऱ्हाईक ठरलं, इसार मिळाला आणि मग घोडं अडलं. एजंट म्हणायचा बँकेकडे आहे, गिऱ्हाईक म्हणायचं एजंटला विचारा. अशा वेळी 51 रुपये कुणाला जड वाटत नाहीत. मी विचारलं, हा व्यवहार दिवाळीच्या आत होईल का?

पैसे गेल्यावर थोड्या वेळाने फोटो आला. जांभळ्या मखमलीवर ठेवलेलं एकच कार्ड, वरून काढलेला फोटो, बाजूला दोन-चार स्फटिक. कार्डावर सूर्य आणि पांढऱ्या घोड्यावर बसलेलं उघडं मूल, पण सगळं खाली डोकं वर पाय. पाठोपाठ त्या टॅरोवालीचा आवाज, गोड आणि अगदी घरातल्यासारखा: “ताई, सूर्य आलाय, खूप पॉवरफुल कार्ड आहे. पण उलटं पडलंय ना! म्हणजे उत्तर ‘हो’च आहे, ते तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. कुणीतरी अडवतंय. घाबरू नका हं.”

हो की नाही विचारलं होतं, उत्तर आलं ‘हो, पण’. त्या ‘पण’वरच सगळा धंदा चालतो. कोरडं ‘हो’ सांगितलं तर माणूस 51 रुपयांत खूश होऊन निघून जातो. कोरडं ‘नाही’ सांगितलं तर चिडून दुसरीकडे जातो. ‘हो, पण कुणीतरी अडवतंय’ म्हटलं की पुढचा प्रश्न गिऱ्हाईकच विचारतं: कोण?

‘कोण’चे 501 रुपये होते, तीन कार्डांचे. त्यात हातात तलवार घेतलेली राणी निघाली. “घरातलीच बाई आहे, ताई. बोलायला स्पष्ट, हिशेबाला पक्की.” आता बघा, फ्लॅट सासूबाईंचा आहे, कागदांवर दिरांचीही सही लागणार आहे, हे सगळं माझ्याच मेसेजमध्ये तिने वाचलं होतं. त्या घरात एक जाऊ असणार आणि पैशांचा विषय निघाल्यावर ती हिशेबाचं बोलणार, हे सांगायला पत्ते कशाला लागतात? पण त्यानंतर कितीतरी दिवस जाऊबाईंचा फोन आला की माझ्या कपाळावर आठी यायची. पैशांपेक्षा मला याचाच राग जास्त आहे. (जाऊबाईंना हे अजून सांगितलेलं नाही. वाचलं तर वाचोत.)

मग उपाय. काळी मेणबत्ती, ‘कॉर्ड कटिंग’ (म्हणजे अडवणाऱ्याशी असलेला बंध तोडायचा), 5,100 रुपये. आणि वर ताकीद: “कुणाला बोलायचं नाही, एनर्जी तुटते.” त्यानंतर 21,000 ची मोठी विधी, तीही अमावास्येच्या आत. नाहीतर ‘केलेलं सगळं उलटेल’.

तेवढ्यात भिशी आली. सुरळीच्या वड्या खाता खाता एका मैत्रिणीने हळूच विचारलं, तू त्या टॅरोवालीला काही विचारलंस का गं? तिने मुलीच्या जर्मनीच्या व्हिसाचं विचारलं होतं. तिलाही सूर्यच आला होता, पण सुलटा. “हो आहे ताई, पण नजर लागलीये,” म्हणून तिच्याकडून ‘संरक्षणा’चे पैसे घेतले होते. आम्ही दोन्ही फोन टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. तिच्या फोटोत मखमलीवर वर उजव्या कोपऱ्यात मेणाचा वाळलेला थेंब होता, आंब्याच्या कोयीसारखा लांबट. माझ्या फोटोत तसाच थेंब, खाली डाव्या कोपऱ्यात. तिने माझा फोन उचलून नुसता उलटा धरला. तोच थेंब, तेच स्फटिक, मखमलीची तीच चुणी. एकच फोटो होता. तिला सरळ पाठवला, मला फिरवून.

कुणाला सांगू नका म्हणते ती एनर्जीसाठी नाही, हे तेव्हा कळलं.

मग मी जरा वाचलं. टॅरोच्या जोडात 78 पत्ते असतात: 22 मोठे, 56 छोटे. छोट्यांचे तलवारी, पेले असे चार रंग, प्रत्येकी 14 पत्ते. ‘हो-नाही’साठी सगळ्यांनी मानलेला असा एक नियम नाहीच. कुणी म्हणतं सुलटं म्हणजे हो, उलटं म्हणजे नाही. कुणी उलटं-सुलटं पाहतच नाही, तलवारीचा पत्ता आला तर नाही, पेल्यांचा आला तर हो. कुणाकडे एकेका पत्त्याची यादी असते आणि त्यात ‘कदाचित’वाले पत्तेही असतात. ज्याला पैसे काढायचेत तो पत्ता उघडल्यावर यांतला सोयीचा नियम उचलतो. नाणं पडल्यानंतर छापा कुणाचा आणि काटा कुणाचा ते ठरवण्यातला हा प्रकार. म्हणून एखाद्याला विचारायचंच असेल, तर पत्ता काढायच्या आधी लिहून मागा: कोणते पत्ते ‘हो’, कोणते ‘नाही’, उलटं पडलं तर काय. मैत्रिणीच्या भाच्याने मुद्दाम हे विचारलं. बाईंनी त्याला लगेच ब्लॉक केलं.

‘पाच हजार वर्षांपूर्वीचं इजिप्तचं ज्ञान’ हेही ती सारखं ऐकवायची. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाले, आपण रमी खेळतो तसे, आणि युरोपात काही ठिकाणी लोक अजूनही ते खेळतात. इजिप्तची गोष्ट 1781 मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच गृहस्थांनी छापली. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणालाच वाचता येत नव्हती. ती उलगडली 1822 मध्ये. मला आलेलं घोड्यावरच्या मुलाचं चित्र तर 1909 च्या लंडनमधल्या जोडातलं आहे, पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने काढलेलं. चित्रं सुरेख आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. स्वतःशी विचार करायला कुणी पत्ते मांडत असेल तर खुशाल मांडावेत.

तिच्या पानावर ‘ताई, तुमचं खरं झालं’ अशा प्रतिक्रियांची रांग होती. त्या सगळ्या खोट्या असतील असंही नाही. शंभर जणांना डोळे मिटून ‘हो’ सांगितलं, तरी काहींचं काम होणारच. ते आभार मानतात. ज्यांचं झालं नाही त्यांना ‘तुम्ही उपाय उशिरा केलात’ हे उत्तर तयार असतं, आणि ते लाजेने गप्प बसतात.

एक खूण पहिल्याच दिवशी दिसत होती. यूपीआयने पैसे भरताना पडद्यावर समोरच्या खात्याचं बँकेतलं नाव येतं. पानावर बाईचं नाव, खात्यावर कुणा पुरुषाचं, आणि पुढच्या वेळी तिसऱ्याच माणसाचं. विचारलं तर “आमचे अकाउंटंट.” नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर 1930 वर लगेच फोन करा. तो केंद्र सरकारचा सायबर फसवणुकीचा क्रमांक आहे. तक्रार लवकर गेली तर समोरच्या खात्यात उरलेली रक्कम बँकेला रोखता येते. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावरही तक्रार होते. आम्हा दोघींचे पैसे परत आलेले नाहीत, आम्ही गेलो तेव्हा खाती रिकामी होती. ‘आपण स्वतःहून पैसे दिले, मग तक्रार कसली?’ असं घरचे म्हणतील. खोटं सांगून पैसे काढणं ही फसवणूकच आहे, जुन्या 420 ची आजची जागा म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम 318. तक्रारीनंतर ‘तुमचे पैसे मिळवून देतो, फी भरा’ असा फोन आला तर ती दुसरी फसवणूक समजा. मला आला होता.

फ्लॅटचं म्हणाल, तर बँकेच्या वकिलाला मूळ मालकाच्या करारनाम्याची नोंदणीकृत प्रत हवी होती. दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल काढून दिली आणि कर्ज मंजूर झालं. दिवाळी तोवर उलटली होती. बाईंच्या हिशेबात हेही ‘हो, पण उशिरा’मध्ये चोख बसतं.

आणि पुरावा. पहिल्याच दिवशी ‘तुमच्या प्रायव्हसीसाठी’ म्हणत तिने चॅटमध्ये काही दिवसांनी मेसेज पुसले जातील अशी सोय चालू केली होती. माझ्याकडे तिचा एकही आवाज उरला नाही. मैत्रिणीच्या फोनमध्ये फोटो आपोआप गॅलरीत उतरत होते, म्हणून तिचा राहिला. माझा फोटो भिशीच्या दिवशीच मैत्रिणीने तिच्या फोनने टिपून ठेवला होता, माझ्या पडद्यावरून. तक्रारीला तेच दोन जोडले, आणि बँकेच्या स्टेटमेंटवरचे 12 आकडी व्यवहार क्रमांक.