कुत्र्याच्या मुतखड्याचं ऑपरेशन: आम्ही गेलो त्या सर्जरी क्लिनिकचा रिव्ह्यू (५ पैकी ४ स्टार)

सरळ सांगते, कुत्र्याच्या ब्लॅडरमधले खडे काढायचे असतील तर दवाखाना निवडताना ऑपरेशन किती झटपट करतात ते बघू नका, खडे काढून झाल्यावर ते लोक काय काय करतात ते विचारा. आम्हाला हे क्लिनिक आवडलं ते यासाठीच.

ब्रुनो आमचा मिनिएचर श्नाउझर, वय झालेलं. सारखा पाय वर करायचा पण लघवी थेंब थेंबच यायची, मग रक्त दिसायला लागलं. आधीच्या दवाखान्यात इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, कोर्स संपला की परत तेच, एक्सरे काढू असं कुणी म्हणालंच नाही. इथे पहिल्याच भेटीत लघवीची तपासणी, कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघायची टेस्ट), एक्सरे, सोनोग्राफी सगळं झालं आणि एक्सरेत खडे चक्क पांढरे दिसले. सगळेच खडे असे दिसत नाहीत बरं का, डाल्मेशियनमध्ये होणारे युरेटचे खडे एक्सरेत बऱ्याचदा निसटतात, म्हणून सोनोग्राफी पण हवीच.

मला वाटलं आता लगेच टेबलावर घेतील, पण डॉक्टर आधी समजावत बसले. स्ट्रुवाइट नावाचा खडा असेल तर तो कापायची गरज बहुतेक वेळा पडत नाही, कुत्र्यांमध्ये तो बहुतेक इन्फेक्शनमुळे होतो त्यामुळे अँटिबायोटिक आणि स्पेशल डाएटने काही आठवड्यांत विरघळतो. पण ब्रुनोची लघवी अ‍ॅसिडिक, कल्चर निगेटिव्ह, शिवाय नर आणि श्नाउझर, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट या दुसऱ्या प्रकारच्या खड्याची शक्यता जास्त आणि तो कुठल्याच खाण्याने विरघळत नाही, काढावाच लागतो. ऑपरेशन का करायचं हे इतकं नीट कळल्यावर सही करताना भीती बरीच कमी झाली.

सिस्टॉटॉमी म्हणजे पोट उघडून ब्लॅडरला चीर देऊन खडे काढायचे. ऐकायला सोपं वाटतं पण खरी गोम पुढे आहे. नर कुत्र्याच्या लिंगात एक हाड असतं आणि मूत्रमार्ग त्या हाडाजवळ अरुंद होतो, बारीक खडे बरोबर तिथेच अडकतात. यांनी कॅथेटर (बारीक नळी) घालून सलाईनने तो मार्ग पुढून मागून धुतला, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ऑपरेशननंतर परत एक्सरे काढून एकही खडा मागे राहिला नाही हे आम्हाला स्क्रीनवर दाखवलं. हा शेवटचा एक्सरे न काढता घरी सोडत असतील तर तुम्ही स्वतः मागा, लाजू नका. टाके आपोआप विरघळणारे होते, कारण न विरघळणारा धागा ब्लॅडरच्या आत राहिला तर त्याच्याभोवतीच नवीन खडा धरू शकतो. खडे पण फेकून दिले नाहीत, लॅबला पाठवले आणि रिपोर्ट ऑक्झलेटच आला.

आता तक्रार. ऑपरेशन चालू असताना बाहेर येऊन कुणी दोन शब्द सांगितले नाहीत, बाहेर बसलेल्या माणसाचा जीव टांगणीला लागतो हो! घरी काय काळजी घ्यायची ते पण सगळं तोंडी, मीच फोनमध्ये टाइप करून घेतलं. एक स्टार त्याचाच कापलाय.

आमचा नंबर मात्र बराच मागे गेला त्याची तक्रार अजिबात नाही. एक बोका लघवी पूर्ण तुंबलेल्या अवस्थेत आणला होता आणि त्याला सरळ आत घेतलं, जे बरोबरच आहे. बोक्याचा मूत्रमार्ग फार बारीक, तो बंद झाला की रक्तात पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात, एक दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. बोका लिटर बॉक्समध्ये नुसता कुंथत बसलेला दिसला तर ते बद्धकोष्ठ समजून सकाळपर्यंत थांबू नका, प्लीज.

घरी आल्यावर काही दिवस लघवी गुलाबीसर येणं नॉर्मल आहे. पण लघवी होतच नसेल, उलट्या होत असतील किंवा पोट फुगत असेल तर टाका उसवून लघवी पोटात जात असू शकते, तडक डॉक्टरांकडे पळा. ब्लॅडर तसा लवकर भरून येतो, दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी पहिल्यासारखा मजबूत होतो, तोपर्यंत टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढायची नाही, कितीही केविलवाणं बघितलं तरी.

ऑक्झलेट परत व्हायची शक्यता बरीच असते म्हणून आता ओलं खाणं, भरपूर पाणी आणि काही महिन्यांनी एक्सरे असं ठरलंय. खडा लहान असतानाच सापडला तर कधीकधी न कापता ब्लॅडर धुऊन काढता येतो, तेव्हा पुढच्या एक्सरेची तारीख क्लिनिकमधून निघतानाच घेऊन ठेवा, ते स्वतःहून फोन करत नाहीत.