लॅपटॉप चालू होता, इंटरनेट बंद होतं

जुना लॅपटॉप घेताना लोक जे जे बघायला सांगतात ते सगळं मी बघितलं होतं. स्क्रीनवर पांढरं पान उघडून डाग शोधले, एकूण एक बटण दाबलं, बिजागरी हलवून बघितली, चार्जर लावून-काढून बघितला. बॅटरीचा रिपोर्ट काढायची कमांड पुतण्याने लिहून दिली होती, तीही चालवली. माल खणखणीत होता. अजूनही आहे. फक्त त्यावर आता कुणालाच काम करता येत नाही.

मी गोव्यात फोंड्याला राहते. आजूबाजूच्या दुकानदारांची जीएसटीची कामं आणि टॅलीतले हिशेब घरून करते. आधीचा लॅपटॉप ऐन चवथीच्या तोंडावर बसला. नवा घ्यायचा तर मनासारखा पन्नास हजारांच्या आत मिळेना, म्हणून ओळखीच्यांना सांगून ठेवलं होतं. एकीने ग्रुपवर आलेली जाहिरात पुढे पाठवली. वर्क फ्रॉम होमचा कंपनी लॉट, आय फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, २४ हजार, भाव बसून ठरवू. पत्ता म्हापशाजवळचा.

यामागची कहाणीही पटण्यासारखी होती. कोविडनंतर बंगळूर-पुण्याच्या कंपन्यांतली किती माणसं गोव्यात येऊन राहिली हे आपण बघितलंच आहे. हणजूण, आसगाव, शिवोली भागातल्या खोल्या त्यांनीच भरल्या होत्या. मग कंपन्यांनी ऑफिसला परत बोलावलं, माणसं गेली, आणि त्यांना दिलेले लॅपटॉप कंपनीने इथल्या इथे कमी भावात काढून टाकले, असं विकणाऱ्याचं म्हणणं. तिशीतला मुलगा, मालवणी वळणाचं मराठी, वाक्यागणिक 'ताई'. बाहेरचा कोणी असता तर दहा उलटतपासण्या झाल्या असत्या. आपल्या बाजूचा म्हटल्यावर चौकशा निम्म्या होतात, आणि हे त्यालाही चांगलं ठाऊक असावं.

भाड्याची खोली, भिंतीला लागून लॅपटॉपची चळत, कोपऱ्यात चार्जरचा गुंता. त्याने मला दाखवलेला लॅपटॉप उलटा केला तर तळाशी एक चौकोन बाकीच्या भागापेक्षा चकचकीत होता. स्टिकर ब्लेडने खरवडून काढलेला, कडेला गोंद राहिलेला आणि त्या गोंदावर काळी धूळ बसलेली. मी विचारलं, इथे काय होतं? तो म्हणाला, "कंपनीचा टॅग ताई. विकताना काढावाच लागतो, डेटा प्रायव्हसीचा नियम आहे." असा कुठलाही नियम नाही. कंपनी रीतसर माल काढते तेव्हा टॅग निघाला तरी सोबत विक्रीचा कागद असतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. खोलीतलं वायफाय बंद होतं. "सकाळपासून नेट नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावते. तर लगेच हात पुढे करून, "नको ताई, विंडोजचं अपडेट सुरू होईल, तासभर अडकून पडाल. बस चुकेल." माझी एवढी काळजी! सगळी फसवणूक त्या एका वाक्यात होती.

२१ हजार ५०० ला ठरलं, यूपीआयने दिले. बिल मागितलं तर "जुन्या मालाला बिल नसतं." व्हॉट्सॲपवर मात्र 'लॅपटॉप दिला, पैसे मिळाले' एवढा मेसेज मी तिथेच त्याच्याकडून लिहून घेतला. पुढे तोच कामाला आला.

लॅपटॉप उत्तम चालला. घरी इंटरनेट जोडलं, टॅली बसवली, रिटर्न भरले, काही तक्रार नाही. मग महिन्याची २० तारीख, म्हणजे जीएसटीचं थ्री-बी हे मासिक रिटर्न भरायची मुदत, जवळ आलेली असताना विंडोजचं एक अपडेट अर्ध्यात अडकलं आणि मशीन कासवगतीने चालायला लागलं. डेटा पेनड्राइव्हवर होताच, म्हणून पुतण्याने लॅपटॉप रीसेट केला. सगळं पुसून पुन्हा सेटअप सुरू झाला, भाषा निवडली, वायफाय निवडलं, आणि स्क्रीनवर एका मोठ्या कंपनीचं नाव नि बोधचिन्ह आलं. खाली लिहिलेलं, कंपनीच्या ईमेलने साइन इन करा. मागे जायचं बटण नाही, वगळायचं बटण नाही.

पुतण्या म्हणाला, काही नाही, पेनड्राइव्हवरून नवीन विंडोज टाकू. पेनड्राइव्ह लावला, बूट मेनू, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते निवडायचं पान, उघडायला गेला, तर काळ्या स्क्रीनवर एक रिकामी चौकट. बायोसचा पासवर्ड द्या. बायोस म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारा मशीनमधला मूळ प्रोग्राम. तीनदा चुकीचा घातल्यावर मशीन हटून बसलं आणि अक्षर-आकड्यांचा एक कोड दाखवायला लागलं.

नंतर शिकून घेतलं ते असं. लॅपटॉपला एकच कुलूप असतं असं आपण समजतो, पण कुलपं वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. विंडोज उघडताना लागणारा पासवर्ड सगळ्यात वरचा आणि सगळ्यात किरकोळ. तो विसरला तर विंडोज नव्याने टाकता येतं. बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल आणि ४८ आकडी रिकव्हरी की नसेल तर जुना डेटा जातो, मशीन मात्र वाचतं. त्याखाली बायोसचा पासवर्ड. जुन्या डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून ठेवला की तो पुसला जायचा, म्हणून आजही प्रत्येक घरात एक तरी शहाणा 'सेल काढ, पाच मिनिटं थांब' सांगतो. ऑफिससाठी बनवलेल्या लॅपटॉपमध्ये हा पासवर्ड मदरबोर्डवरच्या अशा चिपमध्ये असतो की वीज गेली तरी तो पुसला जात नाही. लेनोवोच्या थिंकपॅड लॅपटॉपचा सुपरवायझर पासवर्ड, म्हणजे बायोसचा मुख्य पासवर्ड, हरवला तर मदरबोर्ड बदलायचा आणि त्यासाठी खरेदीचा पुरावा आणायचा, असं लेनोवो स्वतःच सांगते. मदरबोर्डचा खर्च जुन्या लॅपटॉपच्या किमतीला भिडतो.

तिसरं कुलूप लॅपटॉपमध्ये नसतंच. कंपन्या मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट या सोयीत आपल्या प्रत्येक मशीनची ओळख नोंदवून ठेवतात. ती ओळख हार्डवेअरवरून काढलेली असते, हार्ड डिस्क पुसून किंवा बदलून ती जात नाही. नव्याने सेटअप करताना इंटरनेट जोडलं की मशीन मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला विचारतं, मी कोणाचं? उत्तर येतं, अमुक कंपनीचं. पण सेटअपच्या वेळी नेटच नसेल तर हा प्रश्न विचारलाच जात नाही. विंडोज ११ चा सेटअप सहसा इंटरनेटशिवाय पुढे सरकत नाही, तरी पळवाटा आहेत. आमच्या 'ताई'वाल्याने पळवाट काढून नेटशिवाय विंडोज बसवलं आणि साधं खातं उघडून दिलं. म्हणून माझ्याकडे आल्यावर नेट जोडूनही लॅपटॉप सुरळीत चालला. पहिला रीसेट होईपर्यंत काही कळायचं नाही, आणि तोवर हा खोली सोडून गेलेला. बायोसचा पासवर्ड कंपनीचा होता की त्याने घातला, ते मला कळायला मार्ग नाही.

ॲपलच्या मशीनवर खेळ तोच, नाव वेगळं. टी टू ही सुरक्षेची चिप असलेल्या आणि त्यापुढच्या मॅकवर ॲक्टिव्हेशन लॉक लागू शकतो. आधीच्या मालकाने आपल्या खात्यातून मशीन काढलं नसेल तर ते तुमचं होत नाही.

आता दुसरी फसवणूक, जिच्याबद्दल लोक लाजेने बोलत नाहीत. बायोसने दाखवलेला तो कोड इंटरनेटवर शोधला की 'अनलॉक' करून देणारे ढिगाने सापडतात. काही जुन्या मॉडेलमध्ये त्या कोडवरून खरंच पासवर्ड काढता यायचा, त्या पुण्याईवर ही दुकानं चालतात. एकाला फोटो पाठवला. साडेतीन हजार आगाऊ. आलेला पासवर्ड चालला नाही. मग म्हणाला, तुमचं मॉडेल नवीन पिढीचं आहे, आणखी पाच हजार, आणि लवकर व्हायला हवं असेल तर मोबाइलवर हे ॲप टाका, मी इकडून बघतो. लॅपटॉपचा पासवर्ड काढायला माझा मोबाइल कशाला? ते ॲप स्क्रीन लांबून बघायचं होतं. ज्या मोबाइलवर बँकेचे ओटीपी येतात तोच त्याला बघायचा होता. साडेतीन हजारांवर पाणी सोडून त्याला ब्लॉक केलं आणि १९३० वर तक्रार नोंदवली. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर समोरच्या खात्यात ते अडवायची शक्यता असते, दोन दिवस विचार करत बसलं तर पैसे पुढच्या चार खात्यांत फिरलेले असतात.

वरच्या बाजारात एक जुना जाणता दुरुस्तीवाला आहे, शेवटी त्याच्याकडे लॅपटॉप नेला. त्याने तळ बघितला, खरवडलेल्या चौकोनावरून अंगठा फिरवला, चालू केला, कंपनीचं नाव वाचलं नि बंद केला. "बाय, बिल आसा?" नाही म्हटलं. "बिल नासल्यार हांव हात लावचो ना." चिप काढून पुन्हा लिहायचं यंत्र त्याच्याकडे आहे, मला समोर दिसत होतं. पण कागदाशिवाय तो करत नाही. असा नकार देणाऱ्याकडे मी यापुढे डोळे झाकून जाईन. तिथेच बसलेल्या एका गिऱ्हाइकाने मात्र सल्ला दिला, तुम्ही पण असाच नेट बंद ठेवून कोणाला तरी विकून टाका. काही लोक हे अगदी सहज बोलतात. भारतीय न्याय संहितेत चोरीचा माल जाणूनबुजून घेणं नि ठेवणं कलम ३१७ मध्ये येतं आणि फसवणूक ३१८ मध्ये. स्क्रीनवर दुसऱ्याचं नाव बघितल्यानंतर 'मला माहीत नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही.

म्हणून मी त्या कंपनीलाच लिहिलं. लॅपटॉपचा सिरियल नंबर, स्क्रीनचा फोटो, कोणाकडून किती रुपयांना घेतला, सगळं. उत्तर आलं, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा सभ्य आलं. नोकरी सोडून गेलेल्या एका कर्मचाऱ्याने तो परत केलेला नाही, त्यांच्या नोंदीत तो येणे बाकी आहे, असं त्यांनी कळवलं. नोंदणीतून तो काढून देण्याचा प्रश्नच नव्हता. मी तो काढा असं म्हणूही शकले नसते, कारण वस्तू त्यांची.

पोलीस ठाण्यात तक्रार दिली. व्यवहार म्हापशाकडे झाला म्हणून तिकडेच जावं लागेल असं मला कोणी कोणी सांगितलं होतं, पण नव्या नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही ठाण्यात माहिती नोंदवता येते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, त्याचा तो एका ओळीचा मेसेज आणि कंपनीचा ईमेल, एवढं छापून नेलं होतं. लॅपटॉप तिथेच ठेवून पोच घेतली.

ज्यांना सेकंडहॅंड घ्यायचाच आहे, आणि परवडण्याचा प्रश्न असतो तेव्हा घ्यावाच लागतो, त्यांनी विकणाऱ्याच्या समोर बसून लॅपटॉप पूर्ण रीसेट करायला लावावा आणि सेटअपच्या वेळी आपल्या स्वतःच्या मोबाइलचं नेट जोडावं. तास-दीड तास जाईल, जाऊ दे. कंपनीचं नाव न येता साध्या खात्याचं पान आलं तर पुढे बोलावं. त्याआधी मशीन सुरू होताना एफ टू, एफ टेन किंवा एफ वन, ज्या कंपनीचं जे असेल ते बटण दाबून बायोसमध्ये शिरावं. पासवर्ड मागितला की उठावं. आत गेल्यावर तिथला सिरियल नंबर तळाच्या नंबराशी जुळतो का बघावं आणि तो बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवर टाकावा, वॉरंटीची तारीख नि मॉडेल कळतं. सिक्युरिटीच्या पानावर कॉम्प्युट्रेस किंवा ॲब्सोल्यूट या, लांबून मशीनचा माग काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, नावापुढे 'ॲक्टिव्हेटेड' असेल तर त्याच्यावर कुणाची तरी पाळत आहे. 'पासवर्ड काय, घरी गेल्यावर व्हॉट्सॲपवर पाठवतो' म्हणणाऱ्याचा फोन घरी गेल्यावर लागत नाही.

ग्राहक आयोगाचं काहींनी विचारलं. घरातला एखादा जुना लॅपटॉप विकणारी व्यक्ती त्या कायद्याच्या अर्थाने व्यापारी ठरणं अवघड. पण खोलीभर माल लावून जाहिरात करणारा हा धंदाच करत होता, हे दाखवता आलं तर दार उघडतं. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. धंदा होता हे दाखवायला मात्र माझी एकटीची खरेदी पुरणार नाही. चवथीच्या आसपास म्हापशाकडच्या अशा 'लॉट'मधून कोणी लॅपटॉप घेतला असेल आणि तो अजून ठणठणीत चालत असेल, तर आधी डेटा दुसरीकडे काढून ठेवा, जाहिरात नि पैशांचे स्क्रीनशॉट जपा, आणि मगच रीसेट करून बघा. कंपनीचं नाव आलं तर जवळच्या ठाण्यात तक्रार द्या, आणि तिची प्रत हाताशी ठेवा.