कॉटखालची पेटी : बोहरी आळीतून घेतलेल्या २७ इंची पत्र्याच्या पेटीबद्दल, दोन वर्षं वापरून

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी पंढरपूरहून पुण्याला इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आले. तेव्हा घेतलेली पत्र्याची पेटी आजही माझ्या कॉटखाली आहे. प्रवेशाचे दिवस आले की गावाकडून कुणाच्या तरी आईचा फोन येतो. "हॉस्टेलला बॅग द्यावी का पेटी? चाकांची बॅग बरी पडेल का गं?" प्रत्येकीला फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवते.

पेटी २७ इंच लांब, १६ इंच रुंद, १२ इंच उंच. २४ गेज जाडीचा जस्ती (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा, वरून हिरवा ऑइलपेंट, कुलपासाठी कडी-कोयंडा, दोन्ही टोकांना उचलायच्या कड्या. रिकामी पेटी साधारण सात किलो भरते. किंमत पडली १,६५० रुपये. आणखी ५० रुपये देऊन मी पुढच्या लांब बाजूला एक जादा कडी बसवून घेतली. सगळ्या खरेदीत ते ५० रुपये सगळ्यात सार्थकी लागले, ते कसे ते पुढे येईलच.

खरं तर ही पेटी घ्यायचं ठरलंच नव्हतं. घरी आजोबांची पेटी होती. आजोबा साताऱ्याला 'रयत'च्या बोर्डिंगात राहून शिकले. त्यांचं सगळं शिक्षण त्या एका पेटीवर झालं, म्हणून ती माझ्याबरोबर जावी ही त्यांची फार इच्छा. ३६ इंची, जाड काळ्या पत्र्याची, झाकणावर त्यांचं नाव रंगवलेलं. बाबांनी ती घासूनपुसून काढली, आईनं महिनाभर आधीपासून भरायला घेतली. एसटीच्या डिकीत दोघांनी धरून चढवावी लागली, इतकी जड.

हॉस्टेलची खोली १० बाय १२. तीन लोखंडी कॉट, तीन टेबलं, भिंतीतलं एक कपाट तिघींत वाटलेलं, म्हणजे वाट्याला दोन कप्पे. दोन कॉटच्या मधे अडीच फूट जागा. बाबांनी पेटी कॉटखाली सरकवायला घेतली आणि ती पट्टीला अडली. त्यांनी वाकून वितीनं मोजलं. कॉटखाली दीड वीतसुद्धा पुरी नव्हती, टेप लावल्यावर १३ इंच भरले. आजोबांची पेटी १७ इंच उंच. ती आत जायला मार्गच नव्हता, आणि मधे ठेवली तर खिडकीजवळच्या मुलीला आपल्या कॉटवरून उतरता येईना. आम्ही सगळं आणलं होतं, फक्त जायच्या जागेचं माप आणलं नव्हतं. ती रात्र पेटी व्हरांड्यात राहिली, आणि मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. पुण्यात नवीन असाल तर सांगते, तुळशीबाग आणि मंडईच्या जवळच हा भाग आहे. खिळ्यापासून पिंपापर्यंत लोखंड-पत्र्याची कुठलीही वस्तू इथे मिळते. दुकानांच्या बाहेर पेट्या एकावर एक रचलेल्या असतात, सगळ्यात मोठी खाली, सगळ्यात छोटी वर. आम्ही तीन दुकानं फिरलो. दोघांनी किंमत सांगितली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. तिसऱ्या दुकानातल्या काकांनी आधी विचारलं, "बेटा, कॉटखाली किती जागा आहे?" माझ्याकडे आकडा होता. १३ इंच. ते म्हणाले, "मग बाराची घे. वर बोट जायला जागा राहिली पाहिजे." हा प्रश्न त्यांनी विचारला म्हणून पेटी त्यांच्याकडूनच घेतली.

पत्र्याचं गणित त्यांनी बाबांना समजावलं ते असं. गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ. २६ गेजची पेटी हलकी आणि स्वस्त असते, पण झाकणावर मधोमध अंगठ्यानं दाबलं की पत्रा टणकन आत जातो आणि टणकन बाहेर येतो. वर कुणी बसलं तर कायमचा खड्डा पडतो, आणि हॉस्टेलमध्ये पेटीवर कुणीतरी बसतंच. २२ गेजची भक्कम, पण भरल्यावर एकटीला ओढवत नाही. २४ मधली. जस्ती पत्रा ओळखायचा तर पेटीच्या आत बघा, जिथे रंग दिलेला नसतो. तिथे चांदीसारखी, फुलांच्या पाकळ्या पसरल्यासारखी चकाकी दिसते. त्या जस्ताचा गुण असा की ओरखडा गेला तरी आधी जस्त झिजतं आणि खालचं लोखंड बराच काळ वाचतं. काळ्या पत्र्याला हे कवच नसतं, रंग उडाला की तांबेरा सुरू.

आता त्या ५० रुपयांच्या कडीबद्दल. पेट्यांना कड्या दोन्ही टोकांना असतात, कारण त्या दोघांनी उचलायच्या असतात. पण कॉटखाली पेटी लांब बाजू पुढे करून ठेवली तरच ती १६ इंच ओढून पूर्ण बाहेर येते आणि झाकण मागे कॉटच्या पट्टीला टेकतं. अरुंद बाजू पुढे करून घातली तर २७ इंच ओढावी लागते आणि अडीच फुटांचा रस्ताच बंद होतो. म्हणजे ओढायची कडी पुढे हवी, आणि तिथे काहीच नसतं. काकांनी आमच्यासमोर दोन भोकं पाडली आणि रिपीट म्हणजे रिव्हेट मारून कडी बसवून दिली. दहा मिनिटांचं काम. पेटी घ्याल तेव्हा हे त्याच दुकानात करून घ्या, नंतर एवढ्यासाठी भरलेली पेटी घेऊन कोण जाणार?

आजोबांच्या पेटीचं काय झालं, तर ती परत गेली, पण रिकामी गेली नाही. हॉस्टेलवर परत आल्यावर बाबा आणि मी व्हरांड्यात बसून सगळं सामान फरशीवर मांडलं आणि जे नव्या पेटीत, दोन कप्प्यांत आणि कॉटच्या डोक्याशी मावत नाही ते आजोबांच्या पेटीत परत भरत गेलो. इस्त्री परत, कारण खोलीत विजेची शेगडी, किटली, इस्त्री चालत नाही हा नियम फाटकाशीच लावलेला होता. सहा ताटल्यांचा संच परत. दुसरी गादी, प्लॅस्टिकचं स्टूल, बारावीची सगळी पुस्तकं परत. अकरा ड्रेसपैकी पाच परत. आईनं दिलेली भरतकामाची उशी परत करताना मला रडू आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. तुमच्या मुलीलाही रडू येईल. तिला ती एक वस्तू ठेवू द्या. मी पुढच्या फेरीला उशी घेऊन आले आणि आज ती माझ्या डोक्याखाली आहे.

सामान कमी करायची ही रीत मी घरी लहानपणापासून पाहत आले होते, पण माझ्याच बाबतीत ती आठवली नाही. आषाढीला आमच्या घरी वारकरी उतरतात. एवढ्याच मापाच्या खोलीत पंधरा-पंधरा माणसं, प्रत्येकाची एक वळकटी आणि खुंटीला एक पिशवी. दरवर्षी येणाऱ्या एका मावशींची हातभर लांबीची पत्र्याची पेटी असते. तिच्यात दोन पातळं, औषधं, ज्ञानेश्वरी आणि एक वाटी. कुलपाची किल्ली गळ्यात. पंढरपूर जवळ येईपर्यंतचे तीन आठवडे त्या तेवढ्यावर काढतात. त्यांना मी एकदा विचारलं होतं, काही राहिल्यासारखं वाटत नाही का? "शेजारची देती की," एवढंच म्हणाल्या. हॉस्टेलमध्ये हे शब्दशः खरं आहे. तिघींत एक बादली जास्त झाली, सुईदोरा मात्र एकीकडेही नव्हता. शक्य असेल तर खोलीतल्या मुलींचे नंबर आधी मिळवा आणि आरसा, एक्स्टेंशन बोर्ड, झाडू, दोरी कोण आणणार हे आधी बोलून घ्या.

पेटी भरायची कशी, हे मला दोन सेमिस्टर चुका करून समजलं. तळाला वर्तमानपत्र, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला. त्यावर जे तीन महिने लागणार नाही ते, म्हणजे स्वेटर आणि सोलापुरी चादर. चादर उलट सुलट विचार करून आणा. थंडीत तिच्यासारखं काही नाही, पण पावसाळ्यात धुतली तर इथे तीन दिवस वाळत नाही, म्हणून ती गणपती होईपर्यंत पेटीतच असते आणि अंगावर पातळ पांघरूण. मूळ गुणपत्रकं, दाखला, जातीचं प्रमाणपत्र हे प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, पेटीच्या मागच्या भिंतीला उभं. आडवं ठेवलं तर वरच्या वजनानं कडा दुमडतात. तिघींच्या खोलीत कुलूप लागणारी तुमची स्वतःची जागा ही एवढीच, तेव्हा पैसे, कागद आणि आईची पत्रं यांना पहिला मान. किल्ल्या दोन करून घ्या, एक स्वतःकडे, एक घरी.

सगळ्यात वर खाण्याचा डबा, कारण तो रोज लागतो. आमच्याकडची ज्वारीची कडक भाकरी महिनाभर टिकते, शेंगाचटणीही टिकते. बहुतेक मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते. त्या संध्याकाळी आम्ही कोपऱ्यावरून दही आणतो, भाकरी चुरतो, चटणी घालतो आणि जेवण होतं. माझ्या खोलीतली नागपूरची मुलगी आता सुट्टीवरून येताना मला आधी भाकरीचं विचारते. पहिल्या वर्षी समोरच्या खोलीत उंदरानं चांगल्या महागाच्या कापडी बॅगेला भोक पाडून आतले लाडू खाल्ले. पत्र्यापुढे त्याचं काही चालत नाही. चाकांच्या बॅगेच्या विरुद्ध मला हे एक कारण पुरेसं वाटतं. दुसरं कारण म्हणजे तशी बॅग कॉटखाली आडवी ठेवली की उघडताना दोन्ही पाखं पसरायला जमीन लागते, आणि जमीनच तर नसते. प्रवासाला मात्र बॅगच बरी, म्हणून मी पाठीवरची एक सॅक ठेवली आहे आणि पेटी पुण्यातून हलवत नाही.

आता दोष, कारण ते लपवून उपयोग नाही. झाकणाची आतली कड नीट मुडपलेली नव्हती. पहिल्याच आठवड्यात बोट कापलं आणि एक चांगली ओढणी फाटली. दुकानात असतानाच आतल्या कडेवरून जाड कापड फिरवून बघा. अडकलं तर दुसरी पेटी मागा. मी नंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिरून कडेवर बसवली. त्यानं बोट वाचतं, आणि झाकण मिटतानाचा आवाजही मऊ होतो. आवाज हा खरा त्रास आहे. सकाळी सहाला कुणी पेटी उघडली की तिघी जाग्या होतात. बिजागऱ्यांना महिन्यातून एकदा खोबरेल तेलाचे दोन थेंब घालते, आणि सकाळचे कपडे रात्रीच काढून ठेवते.

तांबेरा आला तो तळाला. खोलीत रोज फिनेलच्या पाण्यानं फरशी पुसतात आणि ओल पेटीखाली साठून राहते. पहिल्या पावसाळ्यानंतर पेटी उलटी केली तर खालची रिपिटं तांबूस झाली होती. सुताराकडून अर्ध्या इंचाच्या दोन लाकडी पट्ट्या मागून आणल्या आणि पेटी त्यांवर ठेवली. बारा आणि अर्धा, साडेबारा झाले, कॉटखाली अर्धा इंच अजून शिल्लक. त्यानंतर तांबेरा वाढलेला नाही. अर्धवट वाळलेला कपडा मात्र पेटीत कधीही घालू नका. पत्र्याला श्वास नाही, एका कुर्त्यानं सगळ्या पेटीला कुबट वास लागतो आणि तो उन्हात पेटी उघडी ठेवल्याशिवाय जात नाही.

पाचापैकी साडेचार देईन. अर्धा गुण त्या कडेसाठी कापला.

यंदा माझ्या धाकट्या भावाचा सांगलीला नंबर लागला आहे. आजोबांनी पुन्हा आपल्या पेटीचं नाव काढलं. मी भावाला म्हटलं, खोली मिळाली की आधी कॉटखालचं माप मला पाठव. काल रात्री त्याचा मेसेज आला : साडेअठरा इंच. आजोबांना फोन करून सांगितलं, तर त्यांनी तो आकडा मला दोनदा म्हणायला लावला आणि बाबांना हाक मारून माळ्यावरून पेटी काढायला सांगितली.