आधी काय शिकावं: काठीची सावली की ध्रुवतारा?

मोबाइल बंद पडला, समोर तीन ढोरवाटा फुटल्या आणि खुणेचा डोंगर झाडीआड गेला, की दिशा काढता यायला हवी. मी सूर्य आणि तारे दोन्ही वापरतो. नव्याने शिकणाऱ्याने आधी काय शिकावं, यावर मात्र माझं मत हळूहळू एका बाजूला झुकत गेलंय.

अचूकतेत ध्रुवाला तोड नाही. दिसला की उत्तर दिशा मिळालीच, वाट बघायला नको. पण दिसायला हवा ना! ध्रुवाची उंची आपल्या अक्षांशाइतकीच असते. पुण्यातून तो क्षितिजावर जेमतेम साडेअठरा अंश, म्हणजे हात ताठ धरून एकावर एक ठेवलेल्या दोन मुठींपेक्षाही किंचित खाली. त्यात तो फारसा ठळक नाही. शहराजवळ धुरकट उजेड त्याला गिळतो आणि कड्याच्या दक्षिणेला पायथ्याशी मुक्काम असेल, तर तो कड्यामागेच राहतो. डिसेंबरच्या संध्याकाळी, ज्यांच्यावरून ध्रुव शोधतात ते सप्तर्षीही क्षितिजाखाली असतात. शर्मिष्ठा हा तारकासमूह वर असतो, पण तिच्यावरून मी अंदाजच बांधतो, खात्री वाटत नाही. मला सगळ्यात खटकतं ते हेच: सगळं येत असूनही समोर डोंगर आडवा. मृगाचा पट्टा, म्हणजे मृग नक्षत्रातले एका रेषेतले तीन तारे, उगवता-मावळताना बरोब्बर पूर्व-पश्चिम दाखवतो, हा मोठा आधार; फक्त ती वेळ साधावी लागते.

सूर्यावरून दिशा काढायची तर घड्याळाच्या काट्यांची युक्ती (तासकाटा सूर्याकडे धरून तो आणि बाराचा आकडा यांच्या मधोमध दक्षिण मानायची) आपल्याकडे नको. मेच्या मध्यात सकाळी दहाला सूर्य जवळपास पूर्वेलाच असतो, आणि ती युक्ती दक्षिण त्याच्या शेजारीच दाखवते.

काठी रोवा. सावलीच्या टोकावर खडा ठेवा, वीसेक मिनिटांनी नव्या टोकावर दुसरा. पहिला खडा डाव्या पायाशी, दुसरा उजव्या पायाशी घेऊन उभे राहिलात की तोंड उत्तरेला. पुण्यात सूर्य डोक्यावर येतो साधारण साडेबाराला, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं. त्या सुमारास दोन खड्यांमधली रेघ सगळ्यात सरळ पूर्व-पश्चिम पडते. मेमध्ये तेव्हा सावली वीतभरही नसते, तरी टोक पश्चिमेकडून पूर्वेकडेच सरकतं. ढग आले की खोळंबा होतो, हे मान्य. दाट रानात उन्हाचा तुकडाही शोधावा लागतो.

तरी वाट निवडायची वेळ बहुतेकदा दिवसाच येते. रात्री चुकलेल्याने आहे तिथेच थांबावं. म्हणून मी आधी काठीच शिकवतो. तुमची भटकंती रात्रीची आणि मोकळ्या पठारांवरची असेल, तर ध्रुवापासून सुरुवात करायलाही हरकत नाही.